शेंडीचा नारळ आणि चौदा तोफा

माझ्या पत्नीच्या मामांइतका परवानगी मागत जगणारा माणूस जगात दुसरा नसेल. जग म्हणजे मी पाहिलेलं जग. ते रत्नागिरी, मुंबई आणि एकदा कोल्हापूर एवढंच आहे, हे आधीच सांगून टाकतो. मामांनी मात्र खरं जग पाहिलं होतं. ते मूळचे पूर्णगडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर खलाशांचा स्वयंपाक करण्यात घालवली. मामी गेल्यावर गावचं घर धाकट्या भावाकडे सोपवून ते रत्नागिरीत आमच्या मागच्या आळीत खोली घेऊन राहिले आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. परवानगी ते माणसांची मागत नसत. बोटीच्या कप्तानालाही त्यांनी कधी विचारून काही केलं नसावं. ते विचारत जागेच्या राखणदाराला. आपल्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि त्याच्यापुढे नारळ ठेवून, आपण कोण, कुठले, कशाला आलो हे गाऱ्हाणं घालून सांगायचं असतं, हे कोकणात कुणाला नवीन नाही. पण आपण ते शेताच्या बांधावर नाहीतर देवळात करतो. मामा कुठेही करत.

विजेच्या कचेरीत जोडणीचा अर्ज द्यायला गेले तर आधी फाटकाशी नारळ ठेवून उभे राहिले. "बा म्हाराजा, या हाफिसाच्या राखणदारा, पूर्णगडचं लेकरू तुझ्या दारात आलंय..." पहारेकऱ्याला वाटलं उपोषण सुरू झालं. तो आत धावला, आतून साहेब बाहेर आले, आणि त्याच आठवड्यात मामांच्या खोलीत दिवा लागला. मामा पुढे कितीतरी दिवस हा दाखला देत. मी हिशेबी माणूस, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नाही, असं मी त्यांना म्हणालो. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमची दोन उदाहरणं होईपर्यंत मी काय अंधारात बसू?" आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा त्याच्यापुढेही नारळ ठेवला गेला. "या खोक्याच्या राखणदारा, चांगलं असेल तेवढंच दाखव, बाकीचं तुझ्यापाशी ठेव." पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या. मामा म्हणाले, "बघा, आज चांगलं काही नव्हतं."

त्या टीव्हीवर वेस्ट इंडीजचा संघ खेळायला उतरला की आमची मॅच संपायची आणि मामांचा किल्ला सुरू व्हायचा. तिकडच्या एका बेटावर त्यांची बोट साखर भरायला लागली होती. बंदरातून दिसणारा काळ्या दगडाचा डोंगर, त्याच्या माथ्यावर किल्ला. पायथ्यापर्यंत उसाचे मळे. वाटेवर चाफा, आंबा, आणि आपल्याकडे परसात असतो तसा नीरफणस. "गो, नीरफणस बघितल्यावर मला वाटलं, आता वळणावर आमचा भाऊ शेण काढताना दिसतो की काय!" माकडंही होती, ती कुंपणावर बसून आंबे खात. इथपर्यंत गोष्ट दर वेळी तशीच असे. वर पोचल्यावर मात्र तिला पंख फुटत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तटावर पाच तोफा होत्या. गणपतीत त्या नऊ झाल्या. माझ्या साडूंपुढे बारा. मी आकडा आठवून द्यायचो. मामा शांतपणे म्हणत, "तेव्हा काही तोफा झुडपात होत्या, आता झाडी काढलीन." आणि मग न चुकता एक उसासा टाकून म्हणत, "गजाला दमा नसता तर त्याच्या तोंडून ऐकवलं असतं तुम्हाला."

गजाकाका म्हणजे बोटीवरचे त्यांचे जिवलग. ते देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. डोंगरात वाढलेला माणूस आणि नोकरी बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या धगीत. त्यामुळे कुठल्याही बंदरात डोंगर दिसला की त्यांचे पाय शिवशिवत, असं मामा सांगत. त्या धुराने आणि कोळशाच्या भुकटीने पुढे छाती धरली. एका डिसेंबरात ते डॉक्टरांना छाती दाखवायला रत्नागिरीला आले आणि आमच्याकडेच उतरले. लांब, वाळलेला, डोळ्यांनी हसणारा माणूस. जेवताना मामांनी पुन्हा किल्ला काढला. मी मुद्दाम विचारलं, "काका, तुम्हीच सांगा, तोफा किती होत्या?" मामांचा हात भातातच थांबला. गजाकाकांनी आमटीचा भुरका मारला, मामांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चौदा." मामांचा हात अजून भातातच होता. ही म्हणाली, "मामा, मासा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात. "जावईबापू, रजा टाका. गजाला पूर्णगड दाखवायचाय. आमच्या गावचा गड, आणि यानं अजून बघितला नाय." डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, असं मी म्हणालो. "चढ केवढा तो? म्हाताऱ्या बायका दळण घेऊन जातील वर. आणि जावईबापू, पुढल्या साली म्हणू नका. पुढल्या साली म्हणून एकदा झालंय." दुपारी एसटी स्टँडवर माझ्या लक्षात आलं की मामांची पिशवी सपाट होती. "नारळ?" मी विचारलं. मामांनी नजर चुकवली. "आज नाय. आज थेट वर." या माणसाने टीव्हीसमोर नारळ ठेवला होता.

पूर्णगडला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परतीची शेवटची गाडी अंधार पडायच्या आधी सुटत असे. गावातल्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, आम्ही हळूहळू वर निघालो. गजाकाका दर वळणावर थांबत आणि थांबल्याचं लपवायला काहीतरी विचारत. हे आंब्याचं कलम कुणाचं, ती होडी कुणाची. गडाच्या दरवाजाबाहेर मारुती आहे, त्याच्या खालच्या अंगाला ते एका चिऱ्यावर बसले. आता दरवाजा समोर दिसत होता.

"चल, आलंच," मामा म्हणाले.

"गाऱ्हाणं?" गजाकाका म्हणाले.

"आज नको ते."

"नको कसं? तुझ्या गावचा गड, आणि राखणदाराला सांगितल्याशिवाय मला आत नेतोस? उद्या माझं काय झालं तर देवरूखवाले तुला धरतील."

"गजा, मेल्या, चेष्टा पुरे."

"शेंडीचा नारळ आण. मी बसलोय. नायतर येत नाय."

मामा खाली भावाच्या घराकडे जवळजवळ पळतच गेले. ते दिसेनासे झाल्यावर गजाकाकांनी इतका वेळ धरून ठेवलेला दम सोडला. मी पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट घेऊन ते बोलले.

"तुम्ही हिशेबी आहात म्हणून सांगतो. त्या किल्ल्यावर आम्ही गेलोच नाय."

"आणि त्या तोफा?" मी विचारलं.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी. पायथ्याशी गेलो आणि हा म्हणाला, नारळाशिवाय गड चढायचा नाय. मी म्हटलं, इथल्या राखणदाराला मराठी कळेल काय रे? तर म्हणतो, देवाला भाषा लागत नाय, पत्ता लागतो. बेटभर माड, आणि जो तो शहाळी कापून देतोय! याला पाहिजे शेंडीचा. बाजारात एका म्हातारीकडे एक सुका मिळाला, तो सोलवेना. कुणाच्या तरी कुंपणाच्या सळीवर सोलला. पत्ता सांगून झाला, जिल्ह्यासकट, आणि बोटीचा भोंगा वाजला." ते हसले आणि त्यांना खोकला आला. "पुढल्या फेरीला जाऊ म्हणाला. पुढली फेरी त्या बाजूला लागलीच नाय."

"तुम्ही एकटे का नाही गेलात वर?"

"एकट्यानंच चढायचा तर याच्याबरोबर उतरलो कशाला?"

मग त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. "इथनं पुढे माझे पाय उचलत नाहीत. त्याला सांगितलं असतं तर त्यानं मला पाठीवर घेतलं असतं. सत्तरीचा आहे तो. म्हणून नारळाला धाडला."

मामा नारळ घेऊन आले तेव्हा ऊन खाडीच्या पलीकडे उतरलं होतं. भावजयीने चहा पाजल्याशिवाय सोडलं नव्हतं. गजाकाकांनी घड्याळाकडे बोट केलं. "गाडी चुकेल रे. इथंच ठेव नारळ." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, दरवाजाकडे पाहिलं, आणि वाद घातला नाही. मारुतीपुढे नारळ ठेवून ते हात जोडून उभे राहिले. नेहमीचा चढा आवाज लागलाच नाही.

"बा म्हाराजा, गजा आणि मी आलो होतो. त्या वेळीही आलो होतो. दोन्ही वेळा पायरीपर्यंत आलो. आमचं येणं मानून घे."

"व्हय म्हाराजा," गजाकाका बसल्या जागेवरून म्हणाले.

शिमग्याच्या आधीच देवरूखहून गजाकाका गेल्याचा निरोप आला. मामा जाऊन आले आणि नंतर बरेच रविवार किल्ला निघाला नाही. उन्हाळ्यात माझे साडू आले, टीव्हीवर वेस्ट इंडीजचा सामना लागला, आणि साडूंनीच आठवण काढली, "मामा, तुमच्या त्या किल्ल्यावर तोफा किती हो?"

मी मामांकडे पाहिलं. मामा टीव्हीकडे बघत होते.

"मला नाय ठाऊक," ते म्हणाले. "मी खाली नारळ शोधत राहिलो. वर गजा गेला होता. त्यानं मोजल्या. चौदा."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, कारण आकडा तपासायचं काम या घरात माझं. मी म्हणालो, "हो, चौदाच."