नळीवरचा उलटा बाण

धम्मशीलाताईंनी गोव्याच्या एका संशोधन संस्थेत बत्तीस वर्षं समुद्राचा चिखल चाळला. त्या चिखलात मिठाच्या कणाएवढी कवचं सापडतात, फोरामिनिफेरा नावाच्या जीवांची. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलायचं, जात ओळखायची, मोजायचं; एका नमुन्यात तीनशे. कुठली जात किती, यावरून हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र किती गरम होता, पाऊस किती होता, ते कळतं. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र न पाहिलेल्या मोताळ्याच्या पोरीने हा उद्योग का पत्करला, हे विचारू नये. त्यांनाही आता नीट आठवत नाही. मान गेली, डोळे गेले, लग्नाचं राहूनच गेलं.

नाव झालं ते एका शोधनिबंधाने. चार हजार वर्षांपूर्वी आधी पाऊस आटला आणि मागून समुद्र थंड झाला, असं त्यात मांडलेलं होतं. महिन्यापूर्वी हाताखालची सारिका त्याच चिखलाचं वय नव्याने काढत होती, तेव्हा वयांचा क्रम एके ठिकाणी उलटा आला. समुद्रतळातून काढलेला चिखल मीटर-मीटरच्या नळ्यांत ठेवतात आणि वरचं टोक, म्हणजे अलीकडच्या काळाचं, बाणाने दाखवतात. चौथ्या नळीवरचा बाण उलटा होता. तो धम्मशीलाताईंच्याच हातचा. तरुणपणी, बोट लागून बादलीत ओकता ओकता काढलेला. म्हणजे समुद्र आधी थंड झाला होता, पाऊस नंतर आटला होता.

सारिका म्हणाली, तुमच्या निवृत्तीपर्यंत मी हे बाहेर काढत नाही, सहाच महिने तर राहिलेत. ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. रजा टाकून मोताळ्याला आल्या.

इथे वडिलांनी विहारात सत्कार ठरवून ठेवलेला. पुंजाजींनी जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या. पंच्याऐंशीव्या वर्षी घरोघर फिरून त्यांनी स्वतः आमंत्रणं दिली. ताईंच्या हाती आठ दिवस होते. आठही दिवस जीभ रेटली नाही. त्या इतक्या थकल्या होत्या की खरं सांगायचं बळही अंगात नव्हतं.

सत्काराच्या दिवशी विहारात जागा उरली नाही. त्रिसरण-पंचशील झालं आणि पुंजाजीच उठले. हातात कागद नव्हता.

"आंधी पानी आटलं," ते एकेक शब्द जपून म्हणाले. "मंग समुद्र थंडा झाला. माह्या पोरीनं शोधलं हे."

टाळ्या पडल्या. ताईंच्या अंगावर शाल आली, हातात माईक आला. आपली चूक बापाच्या तोंडून ऐकणं त्यांना सहन झालं नव्हतं.

"बाबा म्हणाले ते माझ्याच निबंधातलं आहे, पण ते चूक आहे," त्या म्हणाल्या. "बाण मी उलटा काढला. सोमवारी मी तो निबंध मागे घेते आहे."

चारसहा जणांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं.

घरी ओट्यावर टेकल्यावर पुंजाजींनी विचारलं, चूक कधी कळली. महिना झाला, असं ताईंनी सांगितलं. त्यांनी वहाणा काढून भिंतीशी लावल्या.

"मंग मले सांगाचं होतं ना माय," ते म्हणाले. "मी तसं पाठ केलं असतं."