पुसट आलेली चित्रं

कुडाळच्या एका तपासणी केंद्रात मी सीटी स्कॅनचं यंत्र चालवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे आणखी एक काम दिलं. स्कॅनवरून मूत्रपिंडांचा आकार मोजायला संगणकाला शिकवायचं होतं. जुन्या रुग्णांचे, नावं काढून टाकलेले स्कॅन आमच्याकडे होते. संगणक प्रत्येक चित्रात मूत्रपिंडाभोवती हिरवी रेघ काढायचा. ती चुकली की मी हाताने दुरुस्त करायची.

एका दुपारी एक स्कॅन उघडला. दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या फोडांनी फुगून पोटभर पसरलेली. असे मी बरेच पाहिले होते. पण या माणसाचा कमरेच्या वरचा एक मणका पाचरीसारखा चेपलेला होता, आणि मधली काही चित्रं थरथरल्यासारखी पुसट होती. माझा हात माऊसवरून उठला.

माझे बाबा शाळामास्तर. काजूच्या झाडावरून पडून त्यांचा मणका असाच चेपला होता. त्यांचा शेवटचा स्कॅन मीच केला. काचेमागून मी "श्वास धरा" म्हटलं आणि ऐन मध्यावर त्यांचा आवाज आला, "वायच पाणी गावात काय गो?"

ते घोटभर पाणी मागत होते, पण डायलिसिसमुळे त्यांना पाणी अगदी थोडं चालायचं. "बाबा, आता गप ऱ्हवा," मी म्हटलं. पण बोलताना श्वास सुटून मधली चित्रं पुसट आलीच. स्कॅन अभ्यासाला द्यायच्या कागदावर मात्र त्यांनी हसून सही केली. "शिकूसाठीच आसा मा? मग देऊन टाक." पुढच्या दोन महिन्यांत ते गेले.

त्या पुसट चित्रांत संगणकाची रेघ तुटली होती. 'खराब' म्हणून तो स्कॅन बाजूला टाकता आला असता. मी टाकला नाही. एकेक चित्र घेऊन बाबांच्या मूत्रपिंडाची कड काढत बसले. पुसट चित्रांपाशी माझाच श्वास अडकत होता. त्यानंतर कितीतरी दिवस, कुणालाही "श्वास धरा" म्हटलं की मी पलीकडून आवाज येण्याची वाट बघायची.

फोडांचा हा आजार बापाकडून मुलांत उतरू शकतो. माझी तपासणी स्वच्छ निघाली होती. कसालला दुकान चालवणारा धाकटा भाऊ मात्र कित्येक वर्षं टाळत होता. त्या रविवारी मी त्याच्याकडे गेले आणि काय पाहिलं ते सांगितलं.

बराच वेळ तो वह्यांचे गठ्ठे सारखे करत राहिला. "एकदा कळला की मग झोप येयत काय माका?"

"आता झोप येता?"

 मंगळवारी तो दुकान बंद ठेवून तपासणीला आला.

सोनोग्राफीत फोड दिसले, म्हणून स्कॅन केला. यंत्रावर मी बसले नाही, सहकारिणीला बसवलं. संगणकाने काही क्षणांत दोन्ही बाजूंची रेघ काढून आकार सांगितला. डॉक्टरांनी ती रेघ स्वतः पडताळली. आजार होता, पण सुरुवातीचा. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मिठावर बंधन आलं. वर्षाने पुन्हा मोजलं तेव्हा आकार फारसा वाढला नव्हता.

दुसऱ्या खेपेला बाहेर पडताना त्याने विचारलं, "ताई, बाबांचा नि माझा चित्र सारख्याच दिसता काय गो?"

"नाय," मी म्हटलं. बाबांची मूत्रपिंडं पोटभर पसरली होती, याची अजून जागेवरच होती. बस येईपर्यंत मी त्याच्यासोबत थांब्यावर उभी राहिले.