अडतीस मिलिमीटर

त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. सगळा जन्म नकाशे काढायच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून घालवलेला, त्यामुळे खिशात कायम पोलादी पट्टी आणि दिसेल त्याचं माप घ्यायची खोड. भिंतीवरची तसबीर तीन मिलिमीटर कललेली असली तर या गृहस्थाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. निवृत्त झाले तेव्हा कचेरीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती पट्टी कायमची घरी आली. बायकोने तेही निभावून नेलं.

त्याच वर्षी त्यांनी एक जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे जुनीच, पण अशी जपली की नव्या गाडीने लाजावं. बायकोने जुन्या पडद्यांचं जाडजूड पायपुसणं शिवून ड्रायव्हरच्या पायाशी घातलं, वर कोपऱ्यात निळं फूल विणलं. मिलिमीटरांना त्या पायपुसण्याचं फार कौतुक. गॅरेजच्या फाटकाशी आले की ते काढायचे, झटकायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवायचे. मिस्त्रीच्या तेलकट बुटांचा डाग पडायला नको! बाहेर पडताना पुन्हा जागच्या जागी.

गाडीचं दुखणं एकच. चढ. बायकोची थोरली बहीण टेकडीवर राहायची आणि दर रविवारी हे दोघं तिच्याकडे जायचे. चढ चारशे बारा मीटरचा, मिलिमीटरांनी स्वतः मोजलेला. निम्म्यावर गाडी धापा टाकायची, मग उचक्या द्यायची, मग बंदच. म्हणून रीतच पडून गेली होती. पायथ्याला बायको उतरायची, पदर खोचायची आणि चालू लागायची. मिलिमीटर हलक्या गाडीतून मागून यायचे. बरेचदा तीच आधी पोचायची. साडू गॅलरीत खुर्ची टाकून तयारच असायचे. "आल्या, आल्या! गाडी येतेय मागून सावकाश!" असं ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायचे. मिलिमीटरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशी सात वर्षं गेली. मग बायकोच्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी चढ बंद केला.

"आता मी नाही यायची," ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "ताईशी फोनवर बोलत जाईन. तिलाही खाली उतरवत नाही, मलाही वर चढवत नाही. झालं." आणि एकाच टॉवेलची तिने तीनदा घडी घातली. मिलिमीटरांनी ते पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं. बायको त्या बहिणीच्याच हाताखाली वाढली होती. तिला गाडीत बसवून वर नेल्याशिवाय राहायचं नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे. मिस्त्री तरुण होता पण हाताला गुण होता. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून धुतला, कान लावून लावून ट्युनिंग केलं. मग मिलिमीटरांना शेजारी बसवून त्याने स्वतः गाडी चालवली. काय सांगावं! टेकडीचा चढ गाडीने असा घेतला की मिलिमीटर सीटला चिकटले. जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "रविवारी तू बसायचंस. उतरायचं नाहीस."

रविवारी निम्म्या चढावर गाडी बंद पडली. बायको मुकाट्याने उतरली आणि कठड्याला धरून उरलेला अर्धा चढ चढली. वर पोचेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता. साडू पहिल्यांदाच काही ओरडले नाहीत. मिलिमीटरांना ते जास्त लागलं.

त्यांनी वहीत नोंद केली: ट्युनिंग सहा दिवसांत उतरते.

"काका, ट्युनिंग काय ताप आहे का उतरायला?" मिस्त्री म्हणाला. पण काकांचा सिद्धांत पक्का झाला होता. मग साडूंनी फोनवर सल्ला दिला की भारीतलं पेट्रोल घाला. घातलं. मिस्त्रीने चालवली, गाडी पळाली. मिलिमीटरांनी आपली एकट्याने चढावर नेऊन पाहिली, गाडी रडली. वहीत नोंद: पेट्रोलचा गुण एक दिवस. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अहो, तुमच्या या इंजिनाला साधं आणि भारी सारखंच. त्याला कळतसुद्धा नाही!"

शेवटी सिंथेटिक तेल. मिस्त्रीने जुनं काळंकुट्ट तेल काढलं, नवं मधाच्या रंगाचं ओतलं. इंजिनाचा आवाज खरोखर मऊ झाला. मिस्त्रीने चढावर नेली, गाडी वाऱ्यासारखी. मिलिमीटरांनी नेली, गाडी पुन्हा निम्म्यावर धापा टाकायला लागली. आता बोला! घरी येऊन त्यांनी बायकोकडे असं निरखून पाहिलं की तिने विचारलं, "काय झालं?"

"तुझं वजन किती ग?"

"तुम्ही एकटेच होतात ना आज गाडीत?"

मिलिमीटरांनी वही मिटून ठेवली. तिचं बोलणं मात्र चार दिवस बंद होतं.

इकडे मिस्त्रीच्या इज्जतीचा प्रश्न झाला होता. त्याच्या हातून सुधारलेली गाडी दुसऱ्या दिवशी बिघडते अशी बोलवा व्हायला लागली होती. पुढच्या रविवारी तो स्वतःच दारात हजर. "काकू, तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो. काका चालवतील. आज काय तो निकाल लागू दे."

काकू आधी तयारच नव्हत्या. मग म्हणाल्या, "बरं, पण ही शेवटची खेप. आज नाही जमलं तर मी ताईला तसं कळवून टाकते." मिलिमीटरांनी गाडी काढली.

पायथा गेला. चारशे बारापैकी दोनशे मीटर गेले. गाडीने धाप टाकली.

"काका, दाबा!"

"दाबतोय ना!"

"अजून दाबा!"

"तळाला टेकला पाय!"

गाडीने उचकी दिली आणि उभी राहिली. मिस्त्रीने दोन सीटांमधून डोकं पुढे घातलं, मिलिमीटरांच्या बुटाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिला. "हँडब्रेक ओढा, काका. आणि पाय वर घ्या." त्याने खाली उतरून दार उघडलं आणि ॲक्सिलरेटरच्या खालून निळ्या फुलाचं पायपुसणं ओढून काढलं.

"हे माझ्या गॅरेजमध्ये कधी दिसलं नाही ते!"

"तिथे काढून ठेवतो," मिलिमीटर म्हणाले. "डाग पडतात." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. खिशातून पट्टी निघाली. पायपुसण्याच्या कडेला लावली. अडतीस मिलिमीटर. जगातल्या प्रत्येक वस्तूचं माप घेतलेल्या माणसाने रोज ज्यावर पाय ठेवला तेवढ्याचंच माप घेतलं नव्हतं.

"एवढं जाड नव्हतं हे," ते म्हणाले.

बायको समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "पहिल्याच वर्षी तुम्ही मला गतिरोधकावरून उडवलंत. माझं डोकं छताला आपटलं. आठवतंय? मग मी खालून एक थर लावला. गाडी जरा शहाण्यासारखी चालायला लागली. म्हणून दर वर्षी एकेक लावत गेले."

"आणि हा चढ? सात वर्षं तू पायी चढलीस!"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, चढ आहे, गाडीलाही दम लागत असेल." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणजे माझे गुडघे मीच..."

मिलिमीटर चिडणार होते. पेट्रोल, तेल, ट्युनिंग, वहीतले सिद्धांत, साडूंचे टोमणे, सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांना एकदम दिसली ती पदर खोचून, कठड्याला धरून चढणारी बायको, आणि तिच्या मागून गाडीत आरामात बसून येणारे ते स्वतः. एकदाही त्यांनी गाडी पायथ्याला ठेवून तिच्याबरोबर चालून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. "माझ्या डोळ्यांवरही थर कमी नव्हते," ते एवढंच पुटपुटले आणि पट्टी खिशात टाकली.

मिस्त्री पायपुसणं घेऊन मागे बसला. मग त्यांनी गाडी चालू करून पाय दाबला. गाडीने हुंकार दिला आणि उरलेले दोनशे बारा मीटर असे घेतले की मागे मिस्त्री आडवा झाला आणि बायकोने डोळे घट्ट मिटून "अहो, अहो, अहो!" असा एकच जप लावला.

वर ताई गॅलरीत उभ्या राहून, बहीण चालत येईल म्हणून चढाच्या कडेच्या पायवाटेकडे डोळे लावून होत्या. बहीण दारातून आत येऊन त्यांच्या मागे उभी राहिली तरी त्या खालीच बघत होत्या. साडूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दोघी बहिणी तासभर बोलत बसल्या. मिलिमीटरांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

निघताना सगळे गाडीत बसले. मिलिमीटरांनी किल्ली फिरवली. समोर चारशे बारा मीटरचा उतार होता.

"थांबा जरा," बायको म्हणाली. तिने मागे हात करून मिस्त्रीच्या मांडीवरचं पायपुसणं घेतलं, वाकली, नवऱ्याचा पाय उचलला आणि ते नीट सरकवून पॅडलखाली बसवलं, चारी कोपरे सरळ करून.

मिलिमीटरांनी पाय ठेवला आणि गाडी सावकाश सोडली.