रंजनाताईंची वर्गणी

रंजनाताई गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या भावानं, बाळूदादांनी, फोनवर सांगितलं. मी तळेगावच्या कंपनीत होते. शिफ्ट बदलायची वेळ होती, गेटवर गोंगाट होता, आणि पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही. "सुनीता, रंजी गेली गं," ते पुन्हा म्हणाले. डायलिसिस सुरू होतं, तब्येत उतरत चालली होती, सगळं दिसत होतं. तरी बातमी ऐकायला मन तयार नव्हतंच. अंत्यविधी उरकून आल्यावर माझ्याकडे एक काम उरलं होतं, जे घरातल्या दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. जगभर विखुरलेल्या, ताईंना कधीही न भेटलेल्या काही माणसांना ही बातमी कळवायची होती. मी त्यांच्या ग्रुपवर इंग्रजीत दोन ओळी टाकल्या. पहिलं उत्तर आलं ते ब्राझीलमधल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या मांडवातलं माणूस गेलं." बाकी वाक्य इंग्रजी, पण 'मांडव' हा शब्द जसाच्या तसा, मराठी. तो शब्द पिंपळे गुरवमधून तिकडे कसा पोचला, ती गोष्ट म्हणजेच माझ्यासाठी रंजनाताई.

परभणीहून नोकरीसाठी पुण्याकडे आले तेव्हा पिंपळे गुरवमध्ये त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मला भाड्यानं खोली मिळाली. मूळचं गावातलं शेतकरी घर. शेतं गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि तळमजल्यावर हे कुटुंब राहिलं. एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालताना गुणगुणत होते, तर खालून खणखणीत आवाज आला, "कोण गातंय? खाली ये." मी घाबरतच गेले. पेटीपुढे पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या, मान किंचित तिरकी. "आवाज बरा हाय," त्या म्हणाल्या, "पण श्वास चोरतीस. चोरू नको. भाडं भरतीस ना? मग हवा तुझीच हाय." मी हसले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत माझं जाणं-येणं सुरू झालं.

लहानपणी त्यांना आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग हळूहळू दिवसाचंही. लग्न झालं नाही. गावच्या भजनी मंडळात त्या पेटी शिकल्या आणि पुढे अंधांसाठीच्या एका संस्थेत कॉम्प्युटर. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा एक आवाज त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता. त्याला त्या 'मास्तर' म्हणत. मास्तर इतक्या भरभर बोलायचा की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची, पण ताईंना शब्द न् शब्द कळे. त्याच्या जोरावर त्या संगीताचं एक सॉफ्टवेअर वापरायच्या. आधी पेटी वाजवून साठवायची, मग तिच्यावर ढोलकी, टाळ, मग गाणाऱ्याचा आवाज, असं एकेक थर रचत अख्खं गाणं उभं करायचं. भजनी मंडळांची भजनं, लग्नातली मंगलाष्टकं, एकदा तर आमच्या कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचं गाणंसुद्धा त्या खोलीत तयार झालं. 'हेल्मेट' हा शब्द लावणीच्या ठेक्यात काही केल्या बसेना, तेव्हा त्या इतक्या हसल्या होत्या की माझं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं.

मग त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्या कॉम्प्युटरवर त्या सॉफ्टवेअरची नवीच आवृत्ती चालत होती, आणि ती दिसायला फार सुंदर होती. सगळ्या बटणांवरचे शब्द जाऊन तिथं चित्रं आली होती. मास्तरला चित्रं वाचता येत नव्हती. ताई कळ दाबत आणि तो म्हणे, "बटन." पुढची कळ, "बटन." आवाज वाढवायचा कुठं, ढोलकी कुठली, पेटी कुठली... सगळ्याचं एकच नाव. ती अख्खी दुपार त्या तो एकच शब्द ऐकत बसल्या होत्या. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "सुनी, आगं माझ्या घरात कुणीतरी सगळी दारं सारखीच करून ठिवलीत."

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आम्ही कळवलं. उत्तर सभ्य होतं. विनंतीची नोंद घेतली आहे, पण असे वापरकर्ते थोडे असल्यामुळे सध्या हे काम हाती घेता येणार नाही. मी ते वाचून दाखवलं. "थोडे?" ताई म्हणाल्या. "मोजायला कोण आलतं?" बाळूदादा बाजूलाच होते. बहिणीचा त्रास त्यांना पाहवत नव्हता. "सोड ना रंजे," ते म्हणाले. "पेटी हाय की तुझी." ताई त्यांच्याकडे वळल्या. "पेटी एका टायमाला एकटीच वाजती, बाळू. मला सगळी मिळून वाजवायचीत."

इंटरनेटवर त्यांनी त्यांच्यासारखे लोक शोधून काढले. ब्राझीलच्या त्या बाई, पोलंडमधला एक पियानो जुळवणारा, केरळमधला एक शाळामास्तर... सगळे त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच 'बटन'पाशी अडकलेले. त्यांच्यातल्या एकाला एक प्रोग्रामर सापडला. मास्तरला प्रत्येक बटणाचं नाव कळेल, सगळं नुसत्या कळांवर चालेल आणि सॉफ्टवेअरला बाहेरून जोडता येईल असा एक भाग तो लिहून द्यायला तयार होता, पण त्यासाठी त्याला इतर कामं सोडून काही महिने बसावं लागणार होतं. त्याचा तेवढा पगार सगळ्यांनी मिळून जमवायचा, असं ठरलं. त्यासाठीच्या एका वेबसाइटवर आवाहन टाकायचं. ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम जमली तरच ती मिळणार, नाहीतर ज्याची त्याला परत.

आवाहनाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. दृष्टिहीन कलाकारांना तुमच्या मदतीची गरज आहे, असं काहीसं मी लिहिलं आणि ताईंना मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "मदत कशाला लिवलंस? आपण काय झोळी घेऊन उभं हाय का?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "आगं, गणपतीची वर्गणी असती ना, ती काय गणपतीला मदत असती व्हय? मांडव सगळ्यांचा असतो म्हणून देत्यात. तसं लिव. हे गाण्याचं सॉफ्टवेअर म्हंजे मांडव हाय. आमच्याकडच्या बाजूला पायरी न्हाई, ती सगळ्यांनी मिळून बांधायची. ज्यानं दिलं त्यानं त्या पायरीवरनं यावं, जावं." मी 'मांडव' आणि 'वर्गणी' हे दोन्ही शब्द तसेच ठेवले आणि त्यांचा अर्थ समजावून लिहिला. आवाहन प्रसिद्ध करायचं बटण मात्र मला दाबावं लागलं, कारण त्या वेबसाइटवरही मास्तर म्हणाला, "बटन." ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सुरुवात बरी झाली. गावच्या भजनी मंडळानं दिले, आमच्या कंपनीतल्या सुरक्षा सप्ताहवाल्यांनी दिले, परदेशातून थोडे थोडे आले. पण मग ओघ आटला. डोळ्यांनी धड असणाऱ्यांना यात आपलं काही आहे असं वाटतच नव्हतं. मुदत संपत आली, आणि ग्रुपवरची माणसं एकमेकांचे आभार मानायला लागली, जसं हरलेल्या मॅचनंतर मानतात. मला वाटलं, ताई खचतील. त्यांनी मला फक्त मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. "मास्तर काय म्हणतो ते टिपून घे," म्हणाल्या. एका हातानं त्या कळा दाबत होत्या... बटन, बटन, बटन... हळूहळू त्यांनी कळा ठेक्यात दाबायला सुरुवात केली. मंडळातल्या पांडूतात्यांना बोलावून घेतलं, टिपलेलं वाजत ठेवलं, त्यांनी त्यावर ढोलकी धरली, आणि ताईंनी पेटी घेऊन वर आलाप टाकला. शब्द एकच, बटन. ऐकताना आधी हसू येई, मग येईनासं होई. शेवटी पेटी थांबते, ढोलकी थांबते, आणि मास्तर एकटाच बोलत राहतो.

ते रेकॉर्डिंग आम्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकलं. फार मोठा गाजावाजा झाला, असं मी म्हणणार नाही. पण लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. माउस वापरून मनगट आखडलेले, कंबर दुखणारे, वय झालेले कितीतरी वाजवणारे लिहायला लागले, की नुसत्या कळांवर सगळं चालणार असेल तर ते आम्हालाही हवंय. एकानं लिहिलं, "ही पायरी मलाही लागणार आहे." मुदतीच्या आत वर्गणी पुरी झाली. मी धावत खाली जाऊन सांगितलं, तेव्हा ताई भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "बाळूला सांग, पेढे आण." आणि मग पदरात तोंड लपवून रडल्या.

काम सांगितलं होतं त्याहून लांबलं. दर काही दिवसांनी प्रोग्रामर नवा तुकडा पाठवी, ताई तो तपासत आणि चुका कळवत. याच काळात त्यांच्या किडनीचं दुखणं बळावलं. डायलिसिसहून आल्यावर अंगात त्राण नसायचं, पण तासभर पडून त्या पुन्हा कॉम्प्युटरशी जाऊन बसायच्या. अखेर एके दिवशी मास्तर पहिल्यांदा म्हणाला, "ढोलकी." मग "पेटी". मग "आवाज, थोडा खाली". ताई एकेका कळेवरून बोट फिरवत, घरातल्या माणसांची हजेरी घ्यावी तसं सगळं ऐकत गेल्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी त्या खोलीत जितकी गाणी केली, तितकी पूर्वी कधी केली नसतील. शेवटचं भजन त्यांनी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात पूर्ण केलं.

दिवसकार्य झाल्यावर बाळूदादांनी मला खाली बोलावलं. "ती मशीन तशीच चालू राहिलीया," ते म्हणाले. "बंद कशी करायची, दाखव." खोलीत कुणीतरी पेटीवर पांढरं फडकं टाकून ठेवलं होतं. मी कॉम्प्युटरपुढे बसले. प्रोग्रामरच्या त्या जोडणीत ज्यानं त्यानं आपापल्या भाषेतले शब्द भरून द्यायचे होते, आणि मराठीचे शब्द ताईंनी भरले होते, हे मला ठाऊक होतं; पण मास्तरच्या त्या वेगात मी ते कधी नीट ऐकले नव्हते. मी त्याचा वेग कमी केला आणि कळ दाबली. "गप बस," तो म्हणाला. तो एखादा आवाज बंद करायचा शब्द होता. पुढची कळ, "एकट्याचं ऐक." रेकॉर्डिंग सुरू करायची कळ, "घे आता." चुकलेलं पुसायच्या कळेवर तो म्हणाला, "मागं फिर."

बाळूदादा दारात उभे होते. "कोण बोलतंय हे?"

"कॉम्प्युटर आहे, दादा."

"न्हाई," ते म्हणाले. "आसं आमची रंजी बोलती."

ते आत आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि कुठली कळ दाबायची ते विचारलं. मी दाखवलं आणि उठले. बंद करायचं मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी जिन्याशी पोचले तरी आतून ऐकू येत होतं... बाळूदादा एकेक कळ दाबत होते, आणि प्रत्येक शब्दाला हळूच "व्हय" म्हणत होते.