देवाला शेजारी नव्हता

"अहो, उतरा त्या कुंपणावरून!" बायको ओरडली.

मी शेजारच्या शिमोनरावांचा भोपळा बघत होतो. भोपळा कसला, आत चौघांचा संसार मांडावा! रविवारी चर्चमध्ये पिकाच्या अर्पणाला तोच मिरवणार, आणि माझा लिंबाएवढा टोपलीत तोंड लपवणार.

शिमोनरावांचा हेवा करता करता मला देवाचाच हेवा वाटला. जग निर्माण करताना रोज काहीतरी घडवायचं, न्याहाळायचं आणि 'चांगलं आहे' म्हणायचं. त्याला कुठे शेजारी होता? पण त्याने एकाच दिवशी हत्तीही केला आणि मुंगीही, आणि हत्तीकडे बघून मुंगीला नाक नाही मुरडलं. दोन्ही चांगलीच! देवाचं मोठेपण मला कुंपणावरच कळलं. मी गहिवरून बायकोला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आपल्या वेलाला चार दिवस पाणी नाही."