झुंबरबाईचा भुऱ्या आणि हैदरची मोटार

हैदर देऊळघाटचा. त्याचा बाप बुलढाणा ते मलकापूर टेसन असा टांगा हाकायचा. त्या रस्त्यावर मोटारी आल्या तसा बापानं टांगा विकला आणि हैदरला एका मोटारमालकाकडे कामाला लावून दिलं. तिशी गाठेपर्यंत हैदर पक्का डायवर झाला. राजूरच्या घाटाचं एकेक वळण त्याच्या अंगवळणी पडलं होतं. कोणी मोटार हाकण्याबद्दल काही विचारलं तर तो चटकन उत्तर द्यायचा. माणसांबद्दल विचारलं की मात्र त्याची जीभ अडखळायची.

कुत्र्याचा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्यांदा आला तो एका गोऱ्या साहेबामुळं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला असल्यामुळं मोठे साहेब नागपूरकडून यायचे आणि तिकडेच बदलून जायचे. असाच एक साहेब बदलीवर निघाला, ऐन वेळी त्याची स्वतःची गाडी बिघडली आणि तो हैदरच्या मोटारीत बसला. सोबत वासराएवढा कुत्रा. तो कुत्रा पुढच्या बाकावर, हैदरच्या खांद्याला खांदा लावून बसला. मागं वीस माणसं होती, पण एकानंही हूं की चूं केलं नाही. मलकापूर येईपर्यंत हैदरची बाही लाळेनं ओली झाली. नमाजाआधी त्यानं सदरा बदलला, हात धुतला आणि गोष्ट सोडून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात झुंबरबाई आली. ही देऊळघाटचीच, धनगराची विधवा. तापात तिचे दोन्ही कान गेले होते. बोलायची नीट, पण ऐकू काही यायचं नाही. तिचा भुऱ्या नावाचा कुत्रा मेंढरामागं फिरणारा, उंच, राखी रंगाचा. मागून गाडी आली की तो नाकानं तिचा गुडघा ढकलायचा. दारात कोणी आलं की लुगड्याचा काठ ओढायचा. मलकापूरला दिलेली तिची लेक कोकिळा बाळंतपणानंतर आजारी पडल्याचा निरोप आला होता, आणि म्हातारी भुऱ्याला घेऊन मोटार अड्ड्यावर उभी होती.

कुत्र्याला आत घेता येत नाही, हे हैदरनं तिला हातवारे करून सांगितलं. तिनं भुऱ्याच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या कानाला लावला.

"हेच माह्ये कान हायत, बापा," ती म्हणाली.

आतल्या लोकांची कुजबुज सुरू झाली होती. पुढच्या बाकावर देऊळगाव राजाचे जमीनदार उत्तमराव बसले होते. त्यांनी कुत्रं टपावर टाकायला सांगितलं, म्हणजे कोणाचंच अडणार नाही. हैदरला ते पटलं. त्यानं आणि झुंबरबाईनं मिळून भुऱ्याला टपावर चढवलं आणि दोरीनं सामानाच्या कठड्याला बांधलं.

घाटातल्या दुसऱ्या वळणावर वानरांचा कळप रस्त्यात आला. भुऱ्यानं झेप घेतली. दोरी तुटली नाही. तो मोटारीच्या अंगाला, खिडकीसमोर, गळ्यानं लोंबकळला. झुंबरबाईला कोणाची ओरड ऐकू आली नाही. तिला दिसले ते काचेवर आपटणारे मागचे पाय.

हैदरनं मोटार थांबवली. मागच्या दोघांनी उतरून चाकाखाली दगड लावले. हैदरनं भुऱ्याला खालून उचलून धरलं आणि चाकूनं दोरी कापली. श्वास आल्याबरोबर त्या घाबरलेल्या जनावरानं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. झुंबरबाईनं पदर फाडून त्याचा हात बांधला. मग ती भुऱ्याचा गळा चाचपू लागली.

पुन्हा टपावर बांधणं शक्यच नव्हतं. म्हातारीला घाटात सोडता येत नव्हतं. आणि कुत्रा चावतो हे तर आता सगळ्यांनीच पाहिलं होतं. हैदर रक्ताळलेला हात धरून बराच वेळ दारात उभा राहिला. शेवटी त्यानं भुऱ्याला आत घेतलं आणि झुंबरबाईच्या पायाशी बसवलं. मागचे लोक पाय वर घेऊन बसले. मलकापूरपर्यंत कुत्रा हलला नाही.

उत्तमरावांनी मालकाकडे तक्रार केली. मालकानं हैदरला बोलावून हुकूम दिला, कुत्रं आत नाही आणि टपावरही नाही. हैदरनं साहेबाची आठवण करून दिली. साहेबाची गोष्ट वेगळी, असं मालक म्हणाला.

"कुत्रं तं कुत्रंच हाय ना, मालक?"

मालकानं उद्यापासून मोटार चालवायची आहे की नाही, एवढंच विचारलं. हैदर घरी आला. मालक चुकला असं त्याला वाटत होतं. पण मनगट ठणकत होतं, आणि उत्तमराव चुकले असंही त्याला म्हणवत नव्हतं.

महिन्याभरानं झुंबरबाई मलकापूरच्या टेसनाबाहेर मोटारीपाशी उभी दिसली. कोकिळा बरी झाली होती, म्हातारीला घरी परतायचं होतं. हैदरनं मनाशी ठरवलं की मालकाला काय सांगायचं ते नंतर पाहू, आधी आत बसणाऱ्यांना विचारू. त्यानं एकेकापाशी जाऊन विचारलं. बहुतेकांनी मान डोलावली. एका बाईनं तर भुऱ्याला भाकरीचा तुकडा टाकला. शेवटच्या बाकावर बुलढाण्याचे मास्तर नारायणराव होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माहा लहान भाऊ पिसाळलेल्या कुत्र्यानं गेला," ते हळूच म्हणाले. "म्या त्याले पाणी पाह्यून ओरडताना पाह्यलं. तू घेत असशील तं घे, हैदर. मी उतरतो."

मास्तरांना उतरवावं की म्हातारीला मागं ठेवावं? एकाला भीती होती, एकीला गरज होती, आणि दोन्ही खरं होतं. मोटारीची वेळ टळत होती. हैदर झुंबरबाईपाशी गेला आणि त्यानं नकाराची मान हलवली. तिनं काऊन म्हणूनही विचारलं नाही. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि भुऱ्याबरोबर पायीच गावच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली मोटार घेऊन मलकापूरकडे जाताना मोताळ्याच्या अलीकडे ती समोरून येताना दिसली. भुऱ्यानं तिला रस्त्याच्या कडेला ढकललं होतं. हैदरनं मोटार थांबवली आणि खाली उतरला. पण तिनंच त्याला हातानं पुढं जायला खुणावलं. आतल्या लोकांची मलकापूरची आगगाडी चुकली असती.

त्या शुक्रवारी हैदर बायकोला, बानोला घेऊन झुंबरबाईच्या घरी गेला. म्हातारीच्या टाचा फुटल्या होत्या. बानोनं त्यांना तेल लावून दिलं. हैदरनं मास्तरांची गोष्ट खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, पण भावाचं मरण खुणांनी सांगता येईना. शेवटी त्यानं भुऱ्याकडे बोट दाखवलं आणि भ्यालेल्या माणसाचं तोंड केलं. तेवढं तिला कळलं.

"भेव वाटते त्याले? मंग बरोबर हाय त्याचं," झुंबरबाई म्हणाली. "मले बी लय भेव वाटते. तुह्या मोटारीचं. भुऱ्या पायाशी असला म्हणूनच बसलो मी."

इतक्या दिवसांत हे हैदरच्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढं कोकिळाच आईला भेटायला देऊळघाटला येऊ लागली. झुंबरबाई पुन्हा कधी मोटारीत चढली नाही. भुऱ्या म्हातारा होऊन तिच्या अंगणात मेला. हैदरनं आणखी कितीतरी वर्षं मोटार चालवली, आणि मालकाच्या हुकमाकडे कानाडोळा करत प्रत्येक वेळी आत बसलेल्यांना विचारत राहिला. कधी कुत्रं आत आलं, कधी राहून गेलं. नव्या डायवरांनी नियम काय म्हणून विचारलं तर तो डोकं खाजवायचा.

"मले इचारू नका," तो म्हणायचा. "आत कोण बसलं हाय ते पाहा. मी तं त्या दिवशी मास्तरच्या अन् म्हातारीच्या तोंडाकडे पाह्यलं, अन् अजूनही पाहूनच राह्यलो."