मास्तरांना लिहिलेल्या चिठ्ठ्या

मास्तरांच्या हातावर घोडीचा पाय पडला ही बातमी आमच्या अमरावतीच्या घरात भांडी घासणाऱ्या बाईने आणली. "बाई, अकोल्याचा बँडवाला मास्तर गेला कामातून," ती आईला म्हणाली. "उजवा हात. तीन बोटं चेंदली म्हनतात." आणि मोरीत बसल्या बसल्या राखेच्याच हातांनी डोळे पुसायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला पहिल्यांदा वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण ते खरं नाही. पहिल्यांदा वाटलं ते हे: हिला रडायचं काय कारण?

मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. साठीला आले होते, मेंदीने केस लाल करायचे आणि जरीच्या पट्ट्यांचा लाल कोट घालायचे. तो कोट काखेत विटला होता. अकोल्यात आणि अमरावतीतही लोक आधी मास्तरांची तारीख विचारत आणि मग भटजींना मुहूर्त काढायला सांगत. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोडीवरून मांडवाकडे निघतो, त्याला परण्या म्हणतात. मांडवाच्या दाराशी परण्या आला की मास्तर एका गुडघ्यावर बसत, हळूहळू मागे वाकत जात, इतके की टोपी खाली पडे, आणि आभाळाकडे तोंड करून एकच सूर धरून ठेवत. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेली माणसं जागच्या जागी थांबत. पुरुष फेटे उडवत. कॉलेजची मुलं त्यांच्यासारखं चालायचा प्रयत्न करत. गच्चीवरच्या बायका काही उडवत नसत, पण नवरी पाहायला आलेल्या बायका नवरी विसरत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी गच्चीवरच्या बायकांतही मागे उभी असायची.

दर उन्हाळ्यात मी अकोल्याला मामाकडे जायची. मामाची मुलगी माझ्याहून दीड वर्षाने मोठी. तिला मी ताई म्हणायचे आणि ती मला मडम म्हणायची, कारण मी नन्सच्या इंग्रजी शाळेत होते. तिला कशाचीच लाज वाटत नसे. बँडवाल्यांना फर्माईश द्यायची तर चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून पाठवायची पद्धत होती. बहुतेक घरातले पुरुष चिठ्ठ्या देत. ताई मात्र स्वतः जिना उतरून, गर्दीतून वाट काढत, थेट मास्तरांच्या हातात चिठ्ठी देऊन यायची. मामी रागवायची. ताई म्हणायची, "त्याले काय मी खाऊन राहिली का? चिठ्ठीच तं देली."

त्या चिठ्ठ्या मी लिहीत असे.

इंग्रजीत लिहीत असे. माझं मराठी अक्षर चौथीतल्या मुलासारखं होतं आणि ताई त्याला हसायची, हे एक कारण. दुसरं कारण असं की नन्सनी शिकवलेलं ते तिरकं, जोडून लिहिलेलं इंग्रजी ताईला वाचता येत नसे. तिला वाटे मी सिनेमातल्या गाण्याचं नाव लिहिते. मी ते कधीच लिहिलं नाही. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं: मागच्या लग्नात सगळ्यात शेवटी वाजवलंत ते संथ पुन्हा वाजवा. चिठ्ठी मास्तरांच्या हातात गेली. त्यांनी ती बत्तीच्या उजेडात धरली, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली, आणि तेच संथ वाजवलं.

मला वाटलं, हा माणूस मला ओळखतो.

असे तीन उन्हाळे मी लिहीत राहिले. चिठ्ठ्या लांबत गेल्या. आज वरचा सूर चांगला लागला. परवाच्यापेक्षा आज शांत होतात. प्रत्येक चिठ्ठीनंतर मास्तर सिनेमाची गाणी बाजूला ठेवून काहीतरी वेगळं, सावकाश वाजवत, आणि मी भिंतीला टेकून ऐके. लोकांना ते फारसं आवडत नसे. ते माझ्यासाठी होतं, त्यामुळे लोकांना न आवडणं मला योग्यच वाटे. माझ्याकडे तोवर माझी स्वतःची अशी एकही गोष्ट नव्हती. ही होती.

आणि आता मोरीत बसून एक बाई त्याच माणसासाठी रडत होती, जणू तो तिचा असावा.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. कसं झालं ते जो तो सांगत होता: कोणीतरी घोडीच्या पायांशी फटाक्यांची लड लावली, घोडी बुजली, मास्तर त्या वेळी गुडघ्यावर, मागे वाकलेले होते. खरं तर ते उठले होते, लोकांनीच "वन्स मोर" ओरडून त्यांना परत बसवलं होतं. पण हे सांगताना "आम्ही" असं कोणी म्हणत नव्हतं. पानवाल्याने दर्ग्यात चादर चढवली. वडिलांच्या कचेरीतल्या शिपायाने शनिवारचा उपास धरला. शेजारच्या वकिलीणबाई आईला म्हणाल्या, मास्तरांनी एकदा त्यांच्या गच्चीकडे बघून टोपी हलवली होती. टोपी पडली होती. मी तिथे होते, मी पाहिलं होतं. माझं दुःख कोणाला दिसू नये म्हणून मी जपत होते, आणि ते कोणालाच दिसत नाही म्हणून जळत होते.

परीक्षा झाल्यावर नेहमीसारखी अकोल्याला गेले, तर ताई अनवाणी.

"मास्तर उठून वाजवत नाही, तोपर्यंत चप्पल सोडली मी," तिने दारातच सांगितलं.

"एप्रिलात?"

"मंग? दिवाईत सोडून काय फायदा?"

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस उभं राहत नाही. ती सावलीतून सावलीत पळत जायची, टाचा उचलून. सगळी गल्ली तिच्याकडे कौतुकाने बघायची. मला असं काही सुचलं नव्हतं याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्याशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मामी डबा घेऊन आम्हा दोघींना दवाखान्यात घेऊन गेली. वॉर्डाच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं होती. कोणी मोसंबी आणली होती, कोणी अंगारा. जिनिंगमधला एक कामगार, केसांत अजून कापसाचे धागे, एका टांगेवाल्याशी भांडत होता.

"मी त्याले हिवरखेडच्या लग्नात आयकलं, तवा तू पायन्यात होता."

"अन् माह्या लग्नात त्यानंच वाजवलं, त्याचं काय? बायको आजबी म्हनते, तुमी माह्याकडे पाह्यलंच नाही, मास्तरकडेच पाहत होते."

"मंग वाचला तू!"

सगळे हसले. नर्स बाहेर येऊन ओरडली. मग पुन्हा सगळ्यांनी चेहरे पाडले.

मास्तर आत, दारालगतच्याच खाटेवर बसलेले होते. कोट नाही, मेंदी उतरलेली, केस मुळांशी पांढरे. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला, लहान मुलाला निजवावं तसा. ताई पुढे झाली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आली का चिठ्ठीवाली!"

"आली जी मास्तर. कसं वाटते?"

"कसं वाटन? पट्टी सोडल्यावर समजन, बोटं हायत का गेली." त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. "चप्पल कुठी हाय?"

"तुमच्यासाठी सोडली जी."

"पाय भाजतीन ना पोरी. घाल चप्पल." पण ते खूष झाले होते. भोवतालच्या माणसांना ते म्हणाले, "दरवर्षी ही चिठ्ठी आनून देत होती. इतक्या गर्दीत. कोन्या पोरीची हिंमत नाही."

लोक ताईकडे पाहायला लागले. ताईने पदर सावरला. ती नाही म्हणेल म्हणून मी थांबले. तिने नाही म्हटलं नाही. खरं तर ते खोटंही नव्हतं; चिठ्ठी तिनेच आणून दिली होती. पण मला तिचा तो सावरलेला पदर सहन झाला नाही. अनोळखी माणसांत मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"चिठ्ठ्या मी लिहीत होते."

ताई वळली. "लिहत होती, पन नेत कोन होतं? तू तं जिन्यावरून खाली पाह्याले भेत होती."

मास्तर मला निरखत होते. ओळख काही दिसली नाही. "तुनं लिहल्या व्हय? मंग सांग बाई, काय लिहत होती त्याच्यात? आमच्या पार्टीत कोनालेच वाचता येत नव्हत्या. ढोलवाला म्हने, मास्तर, ही डॉक्टरची चिठ्ठी हाय, औषधाच्या दुकानात दाखवा."

पुन्हा हशा. मामीसुद्धा हसली.

"मले बरं झालं पन," ते पुढे म्हणाले. "बाकीचे सनीमाचंच मांगतात. इंग्रजी चिठ्ठी आली का मी मानकरी लोकाले सांगो, मोठ्या घरची फर्माईश हाय, मधात बोलू नका. अन् आपल्या मनचं वाजवून घेओ. चिठ्ठी म्हनजे मले सुट्टी."

म्हणजे तीन उन्हाळे मी एका माणसाशी बोलत होते आणि तो ऐकत नव्हता. पहिल्या रात्रीचं ते संथ वाजवणंही माझ्यासाठी नव्हतं. ताईच्या चेहऱ्यावर मला दया दिसली असती तर कदाचित मी गप्प बसले असते. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आता तं सांग," मास्तर म्हणाले. "शेवटच्या चिठ्ठीत काय होतं?"

मी सांगू शकले असते की गाण्याचं नाव होतं. सगळ्यांना ते पुरलं असतं. पण त्या वीस-पंचवीस माणसांत मलाच काहीतरी जास्त ऐकू आलं होतं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. मास्तरांना नव्हे, त्यांना.

"मधल्या जागेत तुम्ही घाई केलीत, असं लिहिलं होतं. सूर पुरा व्हायच्या आधी सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून कोणाला कळलं नाही."

हशा थांबला. जिनिंगवाला म्हणाला, "अवो बाई, दुखनाईत मानसाले असं बोलते काय?" मामीने माझा दंड धरला.

मास्तरांनी मात्र हात वर करून त्याला गप्प केलं. चांगला हात. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते, आणि या खेपेला खरोखर बघत होते.

"केली होती," ते म्हणाले. "दम पुरत नव्हता. दोन वर्सं झाली, पुरतच नाही. गुडघ्यावर बसलं का थोडा थांबता येते, म्हनून बसत होतो." मग हळू म्हणाले, "कोनी वयखलं नव्हतं."

मला जे हवं होतं ते मिळालं. पण ते व्हरांड्यातल्या सगळ्यांना एकदमच मिळालं. टांगेवाल्याने मान खाली घातली. कोणीतरी मोसंबी खाटेखाली सरकवली. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

परतताना ताई सावल्या न शोधता सरळ तापलेल्या रस्त्याने चालत होती. घरच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "झालं समाधान, मडम? बोटं घोडीनं नेली, दम तू नेला." चार दिवसांनी मी अमरावतीला परत आले. त्या चार दिवसांत ती रोज दवाखान्यात जात होती. मला कोणी चल म्हटलं नाही, आणि मी येते म्हटलं नाही.

महिन्याभराने तिचं कार्ड आलं. पट्टी सुटली होती, दोन बोटं वळत नव्हती. खाली लिहिलं होतं: "मास्तर विचारत होते, ती घाई ओळखणारी पोरगी कुठे गेली, तिला घेऊन ये. मी सांगितलं, तिचं कॉलेज सुरू झालं, तिला वेळ नाही." कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे होते, आणि हे ताईला ठाऊक होतं. तरी तिने हे मला का कळवलं, ते मला समजलं. मीही कळवलंच असतं.

आईला काहीतरी कारण सांगून मी दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या गाडीत बसले. मनात वाक्य तयार करत होते. मास्तरांना काय सांगायचं, तेही ताई नसताना. माझ्या पुढच्या बाकावर दोन माणसं बसली, एकाच्या मांडीवर मोसंब्यांची पिशवी. तो दुसऱ्याला सांगत होता, "दम पुरत नव्हता त्याचा. गुडघ्यावर बसे ना, थो आराम कराले. खुद्द त्यानंच मले सांगतलं. मले एकट्याले."

दुसरा म्हणाला, "काय बोलतो!"

मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी वॉर्डात नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. गाडी सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी पर्स उचलली आणि उतरले. आईला सांगितलं, गाडी चुकली.

दुसऱ्या दिवशीही गाडी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती.